आजीच्या बांगड्या

"आजीच्या बांगड्या हवेत तरंगतायत." क्लायंटचा शेरा एवढाच, आणि शॉट शुक्रवारी द्यायचा होता.

मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत रिगिंग करते. म्हणजे पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा आणि कातडीचा कुठला बिंदू कुठल्या हाडामागे किती जाणार ते ठरवायचं. शॉट अगदी साधा. आजी उलथन्याने थालीपीठ उलटते. ६० फ्रेम, म्हणजे अडीच सेकंद. दोन दिवस मी बांगड्यांशीच झटत होते. व्यास कमी केला, तर हात सरळ असताना त्या कातडीत रुतायला लागल्या.

शुक्रवारी दुपारी आमचे सिनियर दादा डबा खाता खाता म्हणाले, "बांगड्या लपव आणि एकेक फ्रेम पुढे ने."

पंजा उताणा होत गेला तसं मनगट बारीक होत गेलं. चाळिसाव्या फ्रेमला तर चॉकलेटच्या कागदाला पीळ द्यावा तसं पार चिमटलं. बांगड्या जागच्या जागीच होत्या. आतला हातच गायब!

"का झालं असं?" मला सांगता येईना. कोर्समध्ये बटणं शिकवली होती, बटणांमागचं काही नाही. दादांनी बिलाच्या पाठीवर गोल काढला. मनगटाची त्रिज्या ३ सेंमी धर. कातडीवरचा एक बिंदू अर्धा कोपराकडच्या हाडाचा, अर्धा पंजाच्या हाडाचा. पंजा १८० अंश फिरला. एक हाड म्हणतं बिंदू ३ सेंमी वर, दुसरं म्हणतं ३ सेंमी खाली. सॉफ्टवेअर दोघांची सरळ सरासरी काढतं.

"किती आली?"

शून्य. बिंदू थेट हाताच्या मधोमध. ९० अंशांतच ३ चे २.१२ उरतात, म्हणजे आजी बऱ्याच आधीपासून रोडावत होती. गणित शाळेतलं, आणि मी दोन दिवस बांगड्यांना छळत होते!

यावर २००७ मधला एक उपाय आहे, ड्युअल क्वाटर्नियन: सरळ सरासरीऐवजी फिरणं जपणारं वेगळं गणित. त्यात हात चिमटत नाही, पण वाकवलेलं कोपर फुगतं. शिवाय क्लायंट ज्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनात, पात्र चालवतो त्यात सरळ सरासरीच चालते. मग दादांनी मला माझाच हात धरायला लावला. पंजा फिरवला की कोपराजवळची कातडी जेमतेम हलते, मधली त्याहून जास्त, मनगटाजवळची जवळजवळ पूर्ण. आत दोन हाडं असतात, त्यातलं एक दुसऱ्यावरून लोळतं. पीळ कोपरापासून वाटला जातो आणि मी तो सगळा एका सांध्यात कोंबला होता. अर्धा तास मी खुर्चीत बसून हवेत थालीपिठं उलटत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने शेवटी हेडफोन काढून पाहिलं.

कोपर ते मनगट जास्तीची तीन हाडं घातली. पंजाच्या फिरण्याचा पाव, अर्धा आणि पाऊण हिस्सा त्यांना दिला. आता शेजारच्या दोन हाडांत फरक फक्त ४५ अंशांचा, आणि ३ चे २.७७ शिल्लक. वेट्स, म्हणजे कातडीवर कुठल्या हाडाचा किती हिस्सा ते, पुन्हा रंगवण्यात संध्याकाळ गेली.

आठ वाजता बांगड्यांना पहिल्या दिवशीचा व्यास देऊन त्या परत दाखवल्या. हातात नीट बसल्या. शॉट गेला.

सोमवारी क्लायंटचा शेरा आला: बांगड्या छान, पण थालीपीठ उलटताना त्या जरा हलायला नकोत का?