मालवणच्या खाडीतून परतलेला ओपिनेल

गौरी-गणपतीला यंदा सासुरवाडीला, मालवणला होतो. पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच मेहुण्याबरोबर कर्लीच्या खाडीवर गळ टाकून बसलो. खिशात माझा ओपिनेल नंबर ८, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, कार्बन स्टीलवाला. त्याच्यानेच आमिष कापलं, दोरी कापली, दोन तांबोश्या साफ केल्या. मग खाडीच्याच पाण्यात पातं खळबळून मिटलं. घरी गेल्यावर नीट धुऊ म्हटलं, ते राहून गेलं. ओल्या पंचात गुंडाळलेला चाकू तसाच बॅगेत गेला आणि चौथ्या दिवशी बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी उघडायला गेलो तर उघडेचना.

पहिला दिवस

मुठीचं बीच झाडाचं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि खाच पात्याला आवळून धरते. अशा वेळी नखाने ओढत बसू नये. पातं जागी अडकवणारी रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटायचं, म्हणजे पातं आपणहून वर डोकावतं. चौथ्या ठोक्याला डोकावलं. मुठीजवळ गंजाचे तपकिरी पापुद्रे, मधे नारिंगी पूड, टोकाकडे नुसते ठिपके. कंपनीचा मुकुटवाल्या हाताचा छाप अर्धा झाकलेला.

या पात्यात कार्बन साधारण ०.९ टक्के आणि क्रोमियम जवळपास नाहीच. स्टेनलेस म्हणायला ते किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे पाणी लागलं की हा चाकू घरच्या विळीसारखाच वागणार. आईने पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘अरे, विळी कधी अशी ओली ठेवलेली बघितलीस का तू?’’ तिची विळी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. पातं काळंभोर, पण गंजाचा ठिपका नाही. कांदा झाला की धुते, पुसते, वर तेलाचं बोट फिरवते.

साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं. मग टिश्यू पेपर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून फक्त पात्याला गुंडाळला. मूठ कोरडी राहते म्हणून चाकू बुडवण्यापेक्षा मला हीच रीत बरी वाटते. चाळीस मिनिटांनी कागद काढला तेव्हा गंजाचा काळा चिखल झाला होता. पितळी ब्रशने घासला, खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं, हेअर ड्रायरने वाळवून तेल लावलं. संध्याकाळी पातं राखाडी, स्वच्छ. काम झालं असं समजून झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी पात्यावर सात-आठ नारिंगी थेंब. डाग नव्हे, थेंब. दहापट भिंगाखाली धरलं तर प्रत्येक थेंबाखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा, तळाशी काळा, काठाला नारिंगी, आणि त्याच्या तोंडावर दवासारखा फुगलेला ओला मणी. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू वाळवून ठेवल्या की त्यांच्यावर असेच थेंब येतात. लोखंड रडतं म्हणतात, ते हेच.

मी गंज काढला होता, मीठ काढलं नव्हतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला क्लोराइड खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसतो, तिथे लोखंडाशी मिळून आम्लासारखं पाणी तयार करतो आणि खड्डा आतून खात राहतो. ब्रश तिथे पोचत नाही, वरचं तेलही नाही. शिवाय नुसतं मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी ओढून घेतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्केच पुरतात. भाद्रपदातल्या बडोद्यात हवा इतकी कोरडी होतच नाही.

तिसरा ते आठवा दिवस

समुद्रातून वर काढलेल्या जुन्या तोफा संग्रहालयवाले महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं अल्कलीच्या (सोड्यासारख्या) पाण्यात बुडवून ठेवतात. अल्कलीत लोखंड गंजत नाही आणि मीठ हळूहळू बाहेर येत राहतं. तेच पेलाभर पाण्यात करायचं ठरवलं.

नळाचं पाणी इथे चालत नाही, त्यात आधीच क्लोराइड असतो. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. लिटरला १० ग्रॅम धुण्याचा सोडा, तोही लॅबमधला शुद्ध. मी नंदेसरीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, साहेबांना विचारून थोडा घेतला. पेल्यावर दोन पट्ट्या आडव्या ठेवून चाकू उघडा, पातं खाली असा टांगला. पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीच्या खाली अर्धा सेंटिमीटर पाणी. दिवसातून दोनदा पेला कोमट पाण्यात ठेवायचो, ऊब मिळाली की मीठ लवकर सुटतं. रोज संध्याकाळी पाणी बदलायचं आणि जुन्यातलं थोडं बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी तपासायचं.

तपासणी सिल्व्हर नायट्रेटची, क्लोराइड असेल तर त्याने पाणी पांढरं गढूळ होतं. टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली पाणी, आधी बुडबुडे थांबेपर्यंत पातळ नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. आम्ल विसरलात तर सोड्यामुळेच गढूळ होतं आणि फसायला होतं. न वापरलेल्या सोड्याच्या पाण्याचीही एक ट्यूब शेजारी ठेवायची, ती स्वच्छ राहायला हवी. (हातमोजे घाला. माझ्या अंगठ्यावर पडलेला काळा डाग आठवडाभर टिकला.)

पहिल्या दिवसाचं पाणी ताकासारखं पांढरं झालं. दिसायला तर ते पेल्यात अगदी नितळ होतं! दुसऱ्या दिवशी पातळ ताक, तिसऱ्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखं. चौथ्या दिवशी मागे काळा कागद धरल्यावर जरासं धुकं दिसलं, पाचव्या दिवशी त्याहून कमी. सहाव्या दिवशीची ट्यूब आणि न वापरलेल्या पाण्याची ट्यूब यांत मला फरक दिसेना. सहकाऱ्याला दाखवल्या, त्यालाही कळेना.

खिळीजवळचं काम वेगळं. सर्कलिप प्लायरने फिरती रिंग पसरून काढली, खाली गंजाचं कडं होतंच. तिथे इंजेक्शनच्या सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर मारत राहिलो. लाकूड भिजू नये म्हणून लगेच टिपून, गरम हवा देऊन वाळवायचं, असं पाच-सहा वेळा. रिव्हेट काढण्याच्या फंदात पडलो नाही.

नववा ते बारावा दिवस

वाळवून, तेल न लावता, मुद्दाम उघडं पातं सुरसागर तळ्याच्या बाजूच्या खिडकीत तीन रात्री ठेवलं. एकही थेंब नाही.

मग चहा. अर्धा पेला पाण्यात चार चमचे पत्ती, भरपूर उकळून, गाळून, कोमट असताना पातं चार तास आत. चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा थर देतं. नुसत्या दमट हवेला तो थोडाफार अडवतो, खाऱ्या पाण्याला नाही.

धार शेवटी, कारण व्हिनेगरने ती खाल्लेलीच होती. १००० ग्रिटच्या निसण्यावर दोन्हीकडून साधारण २० अंशांनी, बोटाला धारेवरची धातूची बारीक लव लागेपर्यंत, मग चामड्यावर. मुठीजवळचे तीन खड्डे राहिले. ते घासून काढायचे तर पातंच पातळ होईल, म्हणून ठेवले. तेल लिक्विड पॅराफिन, औषधाच्या दुकानातलं. याच चाकूने फळं कापतो आणि खायची तेलं काही महिन्यांत चिकट होतात.

खंडेनवमी

आईने पाटावर विळी, अडकित्ता, माझे पाने-पकडी आणि हा चाकू मांडला. फुलं वाहताना म्हणाली, ‘‘हळदीकुंकू पात्याला नको रे, मुठीला लावते. ओलं असतं.’’ रात्री गरबा सुटल्यावर भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. तिन्ही खड्डे कोरडे, तळ काळे. रिंगच्या आत मात्र एका जागी नारिंगी झाक वाटते आहे. उद्या रिंग काढतो, सिरिंज मारतो आणि ते पाणी लॅबमध्ये नेतो.