आरोपी तुमचा कोण?

१९९४ चा ऑगस्ट संपत आला होता. मी नववीत होते. नारळी पौर्णिमा होऊन रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटी नुकत्याच बाहेर पडायला लागल्या होत्या. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. डिझेल चोरल्याचा आळ आला आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. चौथ्या दिवशी जामीन मंजूर झाला. आईने देवापुढे साखर ठेवली. पण बाबा घरी आले नाहीत.

कोर्टाला जामीनदार हवा होता आणि जामीनदाराच्या नावावर सातबारा. आता कोकणातला सातबारा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या चार गुंठ्यांवर चौदा जणांची नावं, त्यातले निम्मे मुंबईला. काका म्हणाले, “सामायिक जमिनीवर मी एकटा जामीन कसा राहू?” त्यांचंही खोटं नव्हतं. बाबा ३७ दिवस आत राहिले. हंगामाची सुरुवात हातची गेली, मालकाची उचल अंगावर राहिली, आई सुकी मासळी निवडायच्या कामाला जाऊ लागली.

नकाशावहीचे पैसे का भरले नाहीत, म्हणून आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि मला रडू फुटलं. दोन दिवसांनी सर कोर्टात हजर. पगाराचा दाखला भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आणि पिशवी शर्टाच्या आत. कारकुनाने विचारलं, “आरोपी तुमचा कोण?”

“माझ्या विद्यार्थिनीचे वडील.”

कारकुनाने एकदा वर पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं. संध्याकाळी बाबा घरी जेवायला होते. पुढे चार वर्षं तारखा झाल्या आणि ते निर्दोष सुटले.

मी आरोपीची वकील न होता सरकारी वकील का झाले, असं पुष्कळ जण विचारतात. जामिनाच्या अर्जावर सरकारपक्षाचं म्हणणं मी लिहिते, म्हणून. साक्षीदाराला धमकावणारा असेल तर मी ठाम हरकत घेते. पण नेपाळहून आलेल्या खलाशाने स्थानिक जामीनदार कुठून आणायचा? मोतीराम नावाच्या गवंड्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, म्हणून जामीनदार म्हणून त्याला कोर्टाने नाकारलं होतं. ते चूक आहे असं सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच सांगितलं. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा. कागदावर आहे, पण प्रत्येक वेळी कोणीतरी आठवण द्यावी लागते. ती मी देते. आरोपीच्या वकिलाने मागितलं नसलं, तरी अटी कमी करायला सरकारपक्षाची हरकत नाही, असं लिहून देते. सुरुवातीला काही सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. अजूनही सगळ्यांना रुचत नाही.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाला ते येणार आहेत, असं कळलं. ३७ दिवसांचे ४ झाले असते, तर आईच्या हातांना ते काम लागलं नसतं, हे मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.

आजही कोर्टात कारकून एखाद्या जामीनदाराला विचारतो, “आरोपी तुमचा कोण?” मी हातातली फाइल खाली ठेवते आणि तो काय सांगतो, ते ऐकते.