काम थांबलं तरी हजेरी

साडेदहाच्या सुमाराला मिस्त्रींचा फोन आला. "ताई, फोडायचं ब्रेकर मशीन बंद केलंय. खालच्या आजींच्या बाथरूमला बाहेरून कडी घातलीय. तुम्ही या, आणि मालकांनाही घेऊन या."

कोथरूडमधली चाळीसेक वर्षं जुनी इमारत, दुसरा मजला. माझ्या देखरेखीखालच्या या कामात दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचं होतं. आदल्या दिवशी फरशी निघाली होती, आता खालची भर काढणं चालू होतं. त्या काळच्या बाथरूममध्ये स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. नहाणीचा सांधा किंवा जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप झिरपायला लागला की ती भर वर्षानुवर्षं पाणी धरून बसते. वरून काही दिसत नाही.

मी पोचले तेव्हा ओला राडारोडा गोणीत भरून जिन्यात लावलेला होता आणि पोरं बसून होती. मिस्त्रींनी मला कोपऱ्यात नेलं. स्लॅबवर छन्नी नुसती टेकवली तर काँक्रीट भुसभुशीत होऊन निघत होतं. मग खाली नेलं. आजींच्या बाथरूमचं छत नुकतंच रंगवलेलं, वरवर ठीक. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्यानं ठोकत नेलं. भिंतीकडे टणक आवाज, मधे बद्द. एका जागी पोपडा काढला तर आत सळी फुगून पापुद्रे सुटलेले. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, म्हणून खालचं काँक्रीट ढकलून फोडतं. वर ब्रेकर आणखी तासभर चालला असता तर तो थर खाली आला असता. आजी रोज अकराला आंघोळीला जातात.

मालक आले ते चिडूनच. "ही यांची पद्धतच असते. आधी कमी रेट सांगायचा, फोडाफोड झाली की मधेच काहीतरी काढायचं." मिस्त्री काही बोलले नाहीत. मालकांचा राग मला अगदीच अनाठायी वाटला नाही. असे अनुभव घेतलेली घरं मी पाहिली आहेत. मी त्यांना स्टुलावर चढायला सांगितलं आणि हातोडी त्यांच्याच हातात दिली. दोन ठोके भिंतीजवळ, दोन मधे. उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आजी कुठे आहेत हा.

आता या दिवसाच्या मागचं सांगते, कारण ठेकेदाराशी संबंध चांगले ठेवावेत असं सगळेच म्हणतात, पण ते कशावर उभे राहतात हे फारसं कुणी बोलत नाही. घराचं काम बहुतेक वेळा अंगावर दिलेलं असतं, मजुरीचा ठोक आकडा ठरवून. अशा कामात मिस्त्रीनं काम थांबवलं तर पोरांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, त्याच्या खिशातून जाते. म्हणजे वाईट बातमी सांगणाऱ्यालाच दंड! मग स्लॅब कुजका दिसला तरी वरून कोबा ओढून मोकळं होण्याचा मोह कुणालाही होईल. माझ्या करारात म्हणून एक ओळ असते: आधी न दिसणारं काही निघालं आणि त्यासाठी काम थांबलं, तर त्या दिवसांची हजेरी मालक देणार. वाढीव कामाचा दर ते काम सुरू करण्याआधी लिहायचा, मोजमाप दोघांनी मिळून घ्यायचं, आणि हप्ता शनिवारी दुपारीच, कारण रविवारी पोरांना बाजार करायचा असतो. हजेरीच्या ओळीवर मालक नेहमी अडतात. मी मात्र ती काढत नाही.

चहापाण्याची, सणाला मिठाईची आपुलकी मलाही आवडते. पण शनिवारचा हप्ता मंगळवारवर गेला की मिठाई कुणाच्या लक्षात राहत नाही.

संध्याकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. लगेच खालून टेकू लावले. पुढे सैल काँक्रीट काढून सळ्या तारेच्या ब्रशनं घासल्या, गंजरोधक लावला, झिजलेल्या सळ्यांना नव्या जोड दिल्या आणि पॉलिमर मॉर्टरनं छत भरून घेतलं. गळती आपल्याच बाथरूमची, त्यामुळे खर्च मालकांचाच होता. तो त्यांनी कुरकुर न करता दिला. आजींची आंघोळीची सोय तेवढे दिवस मालकांच्या दुसऱ्या बाथरूममध्ये झाली. ते फोडायचं काम मिस्त्रींनी आपणहून पुढे ढकललं. वॉटरप्रूफिंगनंतर ७२ तास पाणी भरून ठेवलं. खाली एक डाग उमटला नाही.

हिशेबाला बसलो तेव्हा थांबलेल्या दिवसांची हजेरी मी मांडली. मिस्त्रींनी कागद ओढून घेतला. "त्यातले दीड दिवस पोरं दुसऱ्या साइटवर घातली होती ताई, ते लावू नका." मालकांनी तेवढी रक्कम वजा केली, चेक लिहिला आणि विचारलं, "ओटा पाडायला कधी घेताय?"

"आधी दर लिहू," मिस्त्री म्हणाले.