तांबूचं वय झालंय, तिची शिस्त बिघडलेली नाही

गुरुवार, रात्री उशिरा

आज परत गोधडी ओली. तांबू गाढ झोपेत होती, उठवलं तर मागचे दोन्ही पाय भिजलेले आणि ही स्वतःच दचकून मागे वळून बघतेय, हुंगतेय, की हे काय आहे. मग चाटत बसली. तेरा वर्षांची झाली ती आता. साधी आपली गावठी कुत्री, अठरा किलोची, तोंड पूर्ण पांढरं पडलंय.

डॉक्टरांनी सांगितलंय की कधी झालं, कुठे झालं, जागी होती का झोपेत, थोडंसं का भरपूर, हे सगळं टिपून ठेवा, म्हणून रोज लिहितेय. आणि खरंच सांगते, लिहायला लागल्यावरच कळलं की आपण ज्याला एकच गोष्ट समजतोय त्या निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे झोपेत गळणं, ते तिला कळतही नाही, अंथरुणावर मागच्या बाजूला गोल डाग पडतो आणि संपलं. दुसरं म्हणजे पॅसेजमध्ये, दाराच्या अलीकडे, चांगलं भलंमोठं तळं. ते जागेपणी होतं. ती दाराकडेच निघालेली असते, पण पोचत नाही.

घरी सगळ्यांचं सुरुवातीला एकच, पाऊस आहे ना, बाहेर जायचा कंटाळा करते, लाडावलीय. नाशिकचा पाऊस तिने इतकी वर्षं बघितलाय, आणि ही अशी कुत्री आहे की तुंबून बसेल पण घरात करणार नाही, चपला नाकाने ढकलून ढकलून उठवायची आम्हाला. अशी कुत्री म्हातारपणी एकदम घरात सू करायला लागते तेव्हा तिला परत शिकवायची गरज नसते, तपासायची गरज असते. हे मी ज्याला त्याला सांगत सुटलेय सध्या.

तपासणी म्हणजे आधी लघवीचा नमुना. सकाळची पहिली हवी, कारण रात्रभराची दाट असते, किडनी पाणी नीट धरून ठेवते की नाही ते त्यावरून समजतं. आता कुत्रीचा नमुना घ्यायचा म्हणजे ती बसते किती खाली, बाटली जाणार कुठे. आईंनी जुनी लांब दांड्याची पळी दिली, उकळत्या पाण्यातून काढून, म्हणाल्या अगं ही घे, वाकायला नको तुला. ती खाली बसली की मागून हळूच पळी सरकवायची, आधीपासून मागे लागायचं नाही नाहीतर ती उठून चालायला लागते. मग झाकणाच्या डबीत ओतून लगेच क्लिनिकला. कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणते आहेत ते बघायला, मात्र असा नमुना चालत नाही, त्यासाठी डॉक्टर सोनोग्राफीत बघून पोटातून सुईनेच घेतात. ऐकायला भयंकर वाटतं पण तांबू हललीसुद्धा नाही.

सोबत पाणी मोजायचं. सकाळी भांड्यात मापून ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. चोवीस तासांत किलोमागे 100 मिलीच्या वर पाणी जात असेल तर ते जास्त, म्हणजे हिच्यासाठी 1800 मिली. तेवढं पीत असेल तर मग डायबेटिस, किडनी, कुशिंग (अंगात स्टेरॉइडसारखं हार्मोन जास्त तयार होण्याचा आजार) असं एकेक बघावं लागतं. स्टेरॉइड चालू असेल तरी तहान आणि सू दोन्ही वाढतात, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवायची. तांबूचं पाणी मर्यादेत निघालं, साखर ठीक, पण इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर सारखं सारखं सू करायला बसणं थांबलं, झोपेतलं गळणं नाही थांबलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू पुढे ढिला पडू शकतो, त्यावर गोळ्या असतात, त्या आता सुरू झाल्यात, ब्लडप्रेशर बघत बघत द्यायच्या आहेत.

आणि पॅसेजमधलं तळं? ते सांधेदुखीचं. तिचं उठणं बघितलं नीट. पुढचे पाय उचलते, मग कंबर, मग मागचे पाय फरशीवर घसरतात, परत बसते, परत जोर लावते, आणि याच धडपडीत सुटतं. हे बघून इतकं पोटात तुटलं. बाहेरही फार वेळ खाली बसता येत नाही दुखतं म्हणून, अर्धंच करून येते आणि उरलेलं घरात. तिच्या जागेपासून दारापर्यंत आता रबरी पायपुसणी आणि योगा मॅट कापून टाकल्यात, नखं कापली, पंज्यातले केस कापले, दुखण्याची कुत्र्यांची गोळी सुरू केली. यात मोठा फरक आहे. (आपली माणसांची पेनकिलर कृपा करून कोणी देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्यांना अल्सर होतो, किडनी जाते.)

रात्री निजायच्या आधी एकदा खाली, पहाटे एकदा, जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर लगेच. ती मागेल याची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला मागायला वेळच मिळत नाही.

अंथरुणाचं सगळं आईंनी लावलं. त्यांनी त्यांच्या सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलंय, त्यामुळे खाली मेणकापड, त्यावर मेडिकलमध्ये मोठ्यांसाठी मिळतात ते अंडरपॅड, त्यावर जुन्या सुती साडीची घडी, असा थर. साडी तेवढी धुवायला जाते. डायपर फक्त पाहुणे आले किंवा प्रवास असला तर, कारण ओल्यात राहिली की मांडीच्या आतली कातडी लाल होते, सोलवटते. कोमट पाण्याने पुसून अगदी कोरडं करायचं, तिथले केस बारीक ठेवायचे.

फरशी आधी कागदाने टिपून, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून थोडा वेळ तसंच ठेवायचं, फिरवून लगेच पुसलं तर उपयोग नाही. फरशीच्या सांध्यात मुरतं ना. फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, तिच्या नाकाला जात नाही, वर काही फिनेल कुत्र्यांच्या पंज्यांना आणि पोटाला वाईट. लघवीवर ब्लीच तर नकोच, त्याचा धूर छातीत जातो.

परवा लिफ्टमध्ये झालं. मी पुसत होते तर वरच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, गच्चीत बांधा हो तिला, किंवा पाणी कमी द्या संध्याकाळनंतर. पाणी तोडायचं नाही, किडनी नाजूक झालेल्या वयात ते थेट आजाराला बोलावणं आहे. आणि गच्चीत? बारा-तेरा वर्षं माणसांच्या पायाशी झोपलेलं जनावर त्याच्या सगळ्यात कमजोर दिवसांत एकटं उघड्यावर टाकायचं, का, तर फरशी ओली होते म्हणून? मला नाही पटत आणि पटणारही नाही. ओरडणं पण आमच्या घरात बंद आहे. आवाज चढला की ती कान पाडून कोपऱ्यात जाते, तिला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि काय चुकलं ते तिला कळू शकत नाही कारण तिने काही केलेलंच नाहीये. लेकाला हे एकदा सांगितलं, आता तोच पाहुण्यांना सांगतो.

एक काळजी आहे. हल्ली रात्री मध्येच उठून फिरते, दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभी राहते, जणू दार तिकडून उघडणार आहे. दिवसा झोप, रात्री धापा. डॉक्टर म्हणाले मेंदूचं वय पण होतं कुत्र्यांत, माणसांच्या विसरण्याच्या आजारासारखं, पण दुखण्यामुळेसुद्धा रात्री असं होतं, तर आधी सांध्यांची गोळी लागू पडू दे, मग बघू. पॅसेजमध्ये छोटा दिवा लावून ठेवतोय आणि सामान जागचं हलवत नाहीये.

शनिवारी दाखवायला न्यायचंय, तो रात्री फिरण्याचा व्हिडिओ घेऊन. रिक्षात चढताना तिची कंबर दुखते म्हणून दिराची गाडी मागितलीय, मागच्या सीटवर मेणकापड घालीन.