ट्रेस आला, पण माणूस ऐकेना

पोर्टलवर चोरीच्या मोबाईलचा ट्रेस आला की लोकांना वाटतं, आता पोलीस जीप काढणार आणि चोराला उचलून आणणार. आमच्या ठाण्यात सीईआयआरचं, म्हणजे चोरीचे-हरवलेले फोन ब्लॉक करून शोधायच्या सरकारी यंत्रणेचं, काम माझ्याकडे आहे. ब्लॉक केलेल्या हँडसेटमध्ये कुणी सिम घातलं की तो नंबर मला दिसतो आणि मी त्या नंबरवर फोन लावते, एवढीच आमची जीप. पलीकडचा माणूस चोर क्वचितच असतो. स्वस्तात मिळाला म्हणून फोन घेतलेला कुणीतरी असतो. त्याला घाबरवलं तर तो फोन विहिरीत टाकतो, सैल सोडलं तर दुसऱ्याला विकतो. मधला सूर पकडायला लागतो.

ही केस २०२४ च्या वारीतली. आमचं ठाणं माऊलींच्या पालखीमार्गावर. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं तेव्हा सगळ्या नजरा अश्वाकडे आणि अर्ध्या लोकांचे हात वर. खिसेकापूंना याहून चांगला मुहूर्त कुठला? नांदेडकडच्या एका वारकरीबुवांची बंडी खालून ब्लेडने कापलेली होती, म्हणून 'गहाळ' अशी नोंद न करता चोरीचाच गुन्हा घेतला. नवे कायदे १ जुलैला लागू होऊन आठवडा झाला होता. जुन्या सवयीने बोटं दंडविधानाच्या ३७९ कडे जायची, मग खोडून भारतीय न्याय संहिता ३०३(२) लिहायचं.

बुवांकडे ना खोकं, ना बिल. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, बघा म्हणावं तर फोनच हातात नाही. त्यांच्या मुलाने गावच्या दुकानातून बिलाची दुसरी प्रत मिळवून पाठवली, तिच्यावर दोन्ही आयएमईआय होते. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. लोक एकच देतात आणि दुसरी खिडकी उघडी राहते. त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, त्यावर ओटीपी आला, फोन ब्लॉक झाला. मुंबईत २०१९ मध्ये या यंत्रणेची चाचणी झाली तेव्हा आम्ही तालुक्याकडचे लोक नुसतं ऐकून होतो. मे २०२३ मध्ये संचार साथी हे सरकारी पोर्टल देशभर सुरू झालं आणि हे काम आमच्या टेबलावर आलं. तक्रारदारांपैकी अनेकजण आजही म्हणतात, "ब्लॉक कशाला करता, मग सापडणार कसा?" अहो, ब्लॉक केला म्हणूनच तर सिम पडल्यावर कळतं.

थंडी सुरू झाल्यावर ट्रेस आला. नंबर आष्टी तालुक्यातला. फोन लावला, तर सायबर ठगांपासून सावध राहा, ही सूचना आधी मलाच ऐकावी लागली. मग एक खणखणीत आवाज.

"मी पोलीस ठाण्यातून हवालदार बोलतेय. तुमच्याकडे जो फोन आहे..."

"बाई, दुसरं गिऱ्हाईक बघ. परवाच आमच्या गावात पोलीस येऊन सांगून गेलेत, असल्या फोनला बळी पडू नका म्हणून."

फोन बंद. परत लावला तर नंबर ब्लॉक. पोलीस असल्याचं सांगून फोनवर 'डिजिटल अटके'ची भीती घालणाऱ्या भामट्यांनी आमच्यावर आणलेली ही वेळ. राग यावा तर तो माणूस शंभर टक्के बरोबर वागला होता! ठाण्याच्या लँडलाइनवरून लावला, तेव्हा म्हणाला, "आता दुसऱ्या नंबरवरून?"

शेवटी त्यांच्या हद्दीतल्या ठाण्यात बोलले, तिथून गावच्या पोलीस पाटलांचा नंबर मिळाला. पाटील दुपारी त्याच्या वस्तीवर गेले आणि स्वतःच्या फोनवरून मला जोडून दिलं. आता आवाज खाली आला होता. "मॅडम, तुम्ही खरंच पोलीस हाय का वो?"

फोन त्याने पोरासाठी एका दुकानातून साडेसहा हजारांना घेतला होता. रेंज येत नव्हती. सिम घालून पाहिलं, काढलं, जुन्या फोनमध्ये टाकलं. दुकानदार म्हणाला, टॉवरचं काम चालू आहे, येईल. पोरगं शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ बघत होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः एसटीने आला. फोन स्वच्छ पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत. मी *#०६# दाबलं, दोन्ही आकडे बिलाशी जुळले. पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. बिल आहे का विचारलं, तर नाही. पण चार हजार रोख आणि अडीच हजार यूपीआयने दिले होते. ते मी त्याच्या मोबाईलमध्ये शोधायला लावलं. तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव, व्यवहार क्रमांक, सगळं तिथं. कागदाचं बिल न देणारा दुकानदार इथं सापडला. तपास तिथून मागे सरकला, तो आमच्या तपास पथकाचा भाग.

चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे, ३१७ खाली. पण त्यात माल चोरीचा असल्याचं माहीत हवं, निदान तसं समजायला कारण हवं. उघड दुकानातून, यूपीआयने पैसे देऊन फोन घेणाऱ्याला त्यात ओढायचं नाही, असं माझं मत होतं आणि साहेबांचंही तेच पडलं. त्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला.

सही करून झाल्यावर त्याने विचारलं, "मग माझे साडेसहा हजार?"

दुकानदाराकडे मागा, दाद मागता येते, असं सगळं मी सांगितलं.

"म्हंजे चोरी त्यांची झाली, आन् भरायचं म्या."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चहा मागवला. त्याने तो घेतला, पण बिस्कीट घेतलं नाही.

बुवांना फोन लगेच मिळाला नाही. गुन्हा दाखल असला की मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशानेच परत जातो. अर्ज, बंधपत्र, मग सुपूर्दनामा. 'गहाळ' नोंदीतला असता तर ओळख पटवून ठाण्यातूनच दिला असता. म्हणूनही कित्येक तक्रारदारांना गहाळचीच नोंद सोयीची वाटते. मला ते पटत नाही, कारण मग चोराच्या मागे कुणीच जात नाही. बुवांनी तोवर मुलाचा जुना फोन वापरायला घेतला होता. चोरीचा फोन हातात आल्यावर ते म्हणाले, "हा नातवाला देतो." फॉरमॅट मारलेला होता, आत त्यांचं काहीच उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका मुलीचा लॅपटॉप बसमधून गेल्याची तक्रार आली आणि तिने मोठ्या आशेने विचारलं, "याचंही सीईआयआर करता येईल ना?" साध्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो. सिरियल नंबर असतो, पण कुठला टॉवर तो वाचत नाही. बिल घेऊन दुरुस्तीची दुकानं पालथी घालणं, एवढंच हातात. तो अजून मिळालेला नाही.

आष्टीचा तो माणूस मात्र माझा नंबर ठेवून आहे. जुना फोन घ्यायला गेला की आधी मलाच लावतो आणि पंधरा आकडे वाचायला लागतो. मी सांगितलं, इंग्रजीत KYM लिहा, जागा सोडा, आयएमईआयचे आकडे टाका आणि १४४२२ ला मेसेज करा. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर पैसे काढू नका. आता पाटीलही हेच करतात. फक्त मेसेजचं उत्तर इंग्रजीत येतं, म्हणून ते वाचून दाखवायला परत मलाच फोन.