एफटी८वरून आरटीटीवायकडे: माझी पहिली काँटेस्ट

सप्टेंबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय काँटेस्ट असते: आरटीटीवाय, म्हणजे रेडिओ टेलिटाइप, या मोडने जगभरच्या जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला समाप्त. त्याआधी मी फक्त एफटी८ करायचो, म्हणजे ठरलेल्या वेळी छोटे मेसेज पाठवणारा आणि दुबळे सिग्नलही पकडणारा संगणकी मोड. कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर वीस मीटर बँडचा डायपोल अँटेना, खाली घरोघरच्या इन्व्हर्टर-एलईडींचा नॉइज. तरीही एफटी८वर युरोप सहज मिळायचा. २०१७ साली स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत ते बनवणारे जो टेलर म्हणजे पल्सारवरच्या कामासाठी १९९३चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण असल्यामुळे मला त्यांचं फार अप्रूप. मग आरटीटीवाय हा टेलिप्रिंटरच्या काळातला, पाच बिटांचा, चूक दुरुस्त करण्याची सोय नसलेला मोड लोक का सोडत नाहीत? एका ज्येष्ठ हॅम काकांना विचारलं. "एकदा काँटेस्टला बस, मग बोलू," एवढंच म्हणाले.

रेडिओ आणि संगणक जोडणाऱ्या इंटरफेसचं सामान तापकीर गल्लीत मिळालं. एमएमटीटीवाय या आरटीटीवायच्या सॉफ्टवेअरमध्ये २१२५ आणि २२९५ हर्ट्झचे दोन टोन, मधलं अंतर १७०. एएलसीचा (ऑडिओ जास्त झाल्याचं दाखवणारा) काटा हलणार नाही इतपतच ऑडिओ ठेवला. आरटीटीवायमध्ये ट्रान्समीटर सलग पूर्ण ताकदीवर चालतो, म्हणून शंभर वॉटचा सेट पन्नासवर आणला. संपर्कांच्या नोंदीला एनवनएमएम हे सॉफ्टवेअर, एफ-कीजवर मॅक्रो म्हणजे तयार मेसेज.

संध्याकाळी वीस मीटरवर युरोप उघडला आणि काकांचं म्हणणं कळलं. एफटी८मध्ये पंधरा सेकंदांचा स्लॉट ठरलेला. काँटेस्टसाठी २०१९मध्ये आलेल्या एफटी४मध्येही साडेसात सेकंद थांबावंच लागतं, आणि एक मेसेज हुकला की आणखी दोन स्लॉट गेले. इथे घड्याळ नाही. समोरच्याचं संपलं की लगेच माझं सुरू. ओघ लागला की पंधरा-वीस सेकंदांत एक संपर्क लॉगमध्ये. दोघांनी एकदम बोलावलं तर हाती लागलेला अर्धा कॉलसाइन (स्टेशनची ओळख) पाठवायचा, म्हणजे तो एकटाच परत येतो. अशा वेळी काय करायचं हे क्षणात मीच ठरवत होतो, आणि तीच खरी मजा होती.

एक्स्चेंज, म्हणजे एकमेकांना द्यायचा मजकूर, साधा: ५९९ हा सिग्नलचा रिपोर्ट आणि जगाच्या आपल्या विभागाचा झोन नंबर, आपला २२. पाच बिटांत अक्षर आणि आकडा एकाच कोडवर असतात; फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नल क्षीण झाल्यावर, आकड्यांकडे नेणारा शिफ्टचा संकेत गळाला की पडद्यावर ५९९ऐवजी 'टीओओ' उमटतं आणि २२ऐवजी 'डब्ल्यूडब्ल्यू'. कीबोर्डवर पाचाखाली टी, नवाखाली ओ, दोनाखाली डब्ल्यू. तीच जोडी इथेही, त्यामुळे थोड्या सरावाने नजर आपोआप आकडे वाचते.

रात्री उशिरा बँड मंदावल्यावर काही स्टेशनं कानाला ऐकू येत होती, पण छापली जात नव्हती. ती एफटी८वर असती तर नक्की मिळाली असती. दुबळ्या सिग्नलसाठी मी आजही तेच लावतो. पण काँटेस्टमध्ये बहुतेक मोठी स्टेशनं दणदणीत ऐकू येतात. तिथे तेवढी संवेदनशीलता लागत नाही, वेग लागतो.

पाच दिवसांच्या मुदतीत कॅब्रिलो या ठरलेल्या फॉरमॅटमधला लॉग पाठवला. आता फेब्रुवारीतली पुढची काँटेस्ट, डब्ल्यूपीएक्स आरटीटीवाय. तिथे झोनऐवजी प्रत्येक संपर्काचा सिरियल नंबर, म्हणजे समोरून काय येणार याचा आधी अंदाज बांधता येत नाही. म्हणून मॅक्रोत माझा नंबर दोनदा टाकलाय.