मिरो अर्धं भरलंय आणि पीओ बघायचाय

सॅपमध्ये (कंपनीच्या खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर) व्हेंडरचं बिल पास करताना मी तीन विंडो उघड्या ठेवतो. पहिलीत मिरो, म्हणजे बिल भरायचा स्क्रीन, दुसरीत पीओ (खरेदीची ऑर्डर) बघायला एमई२३एन, तिसरीत माल किती उतरला ते पाहायला एमबी५१.

सगळा खेळ स्लॅश एन आणि स्लॅश ओ यांच्यातल्या फरकाचा. कमांडच्या चौकटीत स्लॅश एन लावून टी-कोड (एमई२३एनसारखा स्क्रीनचा कोड) दिला की चालू काम जागच्या जागी बंद होतं, सेव्ह करायचं का हेही विचारत नाही. बारा ओळींचं बिल भरत आणलेलं असेल तर गेलं. स्लॅश ओला चिकटून टी-कोड टाकला की नवी विंडो उघडते, मिरोला धक्का लागत नाही. कमांडची चौकट दिसत नसेल तर तिथला छोटा त्रिकोण दाबायचा. कर्सर चौकटीत न्यायला कंट्रोल आणि स्लॅश.

आता गंमत अशी, की एमई२३एन आपण शेवटी हाताळलेला पीओ उघडतं, हातातल्या बिलावरचा नाही. दोन्ही एकाच व्हेंडरचे असले तर दर चुकीचा वाचला जातो आणि पत्ताही लागत नाही. शिफ्ट-एफ५ दाबून नंबर स्वतः टाकायचा, मगच दर बघायचा.

तिथेच चुकून एफ७ दाबला गेला तर पीओ बदलाच्या मोडमध्ये जातो आणि लॉक बसतो. मग स्टोअरवाला मिगो (आलेल्या मालाची नोंद) करायला गेला की ‘अमुक युजर हा पीओ हाताळतोय’ असा मेसेज येतो. ओरडण्याआधी युजरचं नाव वाचावं, बऱ्याचदा ते आपलंच असतं! त्या विंडोत स्लॅश आय दिलं की तेवढीच बंद होते आणि लॉक सुटतो.

एमबी५१मध्ये १०१, म्हणजे माल आल्याचा कोड, दिसला म्हणून लगेच पुढे जाऊ नये. खाली १०२ असेल तर तो जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) उलटवलेला आहे, १२२ असेल तर माल व्हेंडरकडे परत गेलाय. बिलाच्या नगांशी ताळा या वजावटीनंतरच्या आकड्याचा.

विंडोंची मर्यादा सहसा सहा असते, अ‍ॅडमिन ती बदलू शकतो. मला तीनच पुरतात. जास्त उघडल्या की कुठल्या विंडोत काय अर्धवट राहिलंय ते आठवत नाही. निघताना स्लॅश एनएंड द्यावं, ते एकदा विचारतं. स्लॅश एनईएक्स न विचारता सगळ्या विंडो बंद करतं, होल्ड न केलेल्या (अर्धवट राखून न ठेवलेल्या) मिरोसकट.